टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप्प: काजू कारखान्यातल्या एका संगणकाचं प्रकरण

संगणकाचा पंखा सारखा घुमतोय आणि मशीन रेंगाळतंय, ही तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बहुतेक दुकानांत दोनच उत्तरं मिळतात. ‘ब्लोअर मारून घ्या’, नाहीतर ‘फॉरमॅट मारून घ्या’. दोन्ही अधूनमधून लागू पडतात, म्हणूनच टिकून आहेत. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मात्र दोन्ही करून झालं होतं, वर नवा पंखाही बसवला होता, आणि घरघर होती तशीच. कुडाळच्या माझ्या दुकानात मालकांचा फोन आला: “फॉरमॅट मारून झाला, पंखो बदलून झालो, आता मशीनच बदलूचा काय?”

मशीन साधंच, असेंबल केलेलं. इंटेलचा कोअर आय-५ ४५७०, म्हणजे २०१३ सालचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर. चार कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे प्रोसेसरचे चार भाग, ३.२ गिगाहर्ट्झ वेग, ६ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट स्मृती. सोबत ८ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोज १०. त्यावरचं काम म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीची विवरणपत्रं, ई-वे बिलं आणि थोडं मराठी टायपिंग. वय झालेलं असलं तरी एवढ्या कामात या मशीनने दमायचं काही कारण नाही. पण हंगामात बागायतदार बी घालायला रांग लावून उभे असताना एक पावती छापायला मिनिट-मिनिट जायचं, आणि त्या वेळात पंख्याचा आवाज इतका की टेबलापलीकडच्या माणसाला वजन मोठ्याने सांगावं लागे.

जागाही सांगायला हवी, कारण निम्मं प्रकरण जागेतच होतं. ऑफिस म्हणजे शेडचा एक कोपरा. एका बाजूला बॉयलर, जिथे बी वाफेवर शिजवतात. दुसऱ्या बाजूला सोलणीची खोली, जिथे ड्रायरमधून आलेल्या गरावरची पातळ तांबूस साल काढतात. ही साल वजनाला काहीच नसते. दार उघडलं की हवेबरोबर तरंगत येते आणि सापडेल तिथे बसते. कॅबिनेट ठेवलं होतं जमिनीवर, नेमकं त्या दाराला लागून. समुद्र हाकेच्या अंतरावर.

पंखा काय बघून फिरतो?

चाचणीआधी एक गोष्ट मालकांना सांगितली. प्रोसेसरवरचा पंखा काम बघून फिरत नाही, तापमान बघून फिरतो. मदरबोर्ड प्रोसेसरमधल्या सेन्सरचा आकडा वाचतो आणि त्याप्रमाणे पंख्याचा वेग ठरवतो. त्यामुळे पंखा घुमतोय याचा अर्थ एवढाच, की आत उष्णता साठली आहे. ती दोन कारणांनी साठते: जास्त तयार होते म्हणून, किंवा तयार झालेली बाहेर पडत नाही म्हणून. पहिलं दुखणं सॉफ्टवेअरचं, दुसरं हवेचं आणि धातूचं. ब्लोअरवाला दुसऱ्यावर इलाज करतो, फॉरमॅटवाला पहिल्यावर. कुठलं आहे हे न बघता दोघेही कामाला लागतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

दोन्ही वेगळी करायला महागडं उपकरण लागत नाही. सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आत गेलो. मशीन रात्रभर बंद होतं. चालू करून विंडोजपर्यंत जाऊच दिलं नाही, थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये शिरलो. तिथल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. खोलीत ३१ अंश होते. बायोसमध्ये पहिला आकडा ४४ दिसला, आणि नुसतं बघत बसलो असताना तो ७६वर गेला. पंखा पूर्ण वेगात. बायोसमध्ये प्रोसेसर विंडोजसारखा विश्रांती घेत नाही, त्यामुळे तिथे थोडं जास्त तापमान दिसणं स्वाभाविक आहे. पण ७६ म्हणजे थोडं नव्हे. इथे ना विंडोज होती, ना व्हायरस, ना हिशेबाचं सॉफ्टवेअर. म्हणजे उष्णता बाहेर पडत नव्हती, हे विंडोज सुरू होण्याआधीच पक्कं झालं.

इथेच थांबून कॅबिनेट उघडलं असतं तर प्रकरण अर्धवट राहिलं असतं. थांबलो नाही ते हिशेब बघणाऱ्या वयनींमुळे.

वयनींची नोंद

वयनी त्या मशीनसमोर दिवसभर बसतात. दुरुस्तीला येणाऱ्याने आधी अशा माणसाला विचारावं, मालकाला नंतर. त्या म्हणाल्या, “ह्यो टास्क मॅनेजर उघडलो काय पंखो गप रवता. बंद केलो काय परत घुमाक लागता. आधीच्या माणसाक सांगलंय, तर तो हसलो.”

आधीचा माणूस हसला ते समजण्यासारखं आहे. त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला, सीपीयूच्या म्हणजे प्रोसेसरच्या रकान्यात चार-पाच टक्के दिसले, आणि सॉफ्टवेअर ठीक आहे असा निकाल देऊन पंखा बदलला. वयनींचं म्हणणं ऐकून मला मात्र खात्रीच वाटायला लागली. टास्क मॅनेजर हा काही पंखा शांत करण्याचा इलाज नाही. तो उघडल्यावर काम थांबत असेल, तर कोणीतरी तो उघडण्याची वाट बघत बसलेलं आहे.

तापमान आणि प्रोसेसरचा वापर दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवलं. टास्क मॅनेजर बंद, बाकी सगळं बंद, डेस्कटॉप रिकामा. वापर ७५ टक्के. जरा वर नाही, खाली नाही. तापमान ९७. या जातीच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो, आणि वेग कमी झाला की तेच काम करायला जास्त वेळ लागतो. पावती का अडकायची त्याचं उत्तर इथे होतं. मग वयनींना म्हटलं, आता उघडा तुमचा टास्क मॅनेजर. त्यांनी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबलं आणि माझ्या खिडकीतला आकडा ७५वरून ४वर आला. बंद केला, काही क्षणांत परत ७५.

नेहमीचे संशयित यात बसत नव्हते. नव्या विंडोजवर सर्च इंडेक्सिंग चालतं, अपडेट उतरतात, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर पहिलं पूर्ण स्कॅन करतो. तेव्हाही पंखा घुमतो, पण ते काम संपतं आणि शांत होतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टम इंटरप्ट्स’ जास्त दिसलं तर ड्रायव्हर किंवा एखादं हार्डवेअर बघावं. ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’ सतत वर असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटीच्या नोंदी उघडाव्यात, तिथे त्याला कामाला लावणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक सापडतो. यांतलं कोणीही टास्क मॅनेजरला बघून लपत नाही.

तरी लपणाऱ्याला पकडायला टास्क मॅनेजरचाच उपयोग झाला. पहिल्या पानावर दिसतात ते या क्षणाचे टक्के. ते शून्य करणं सोपं, काम थांबवलं की झालं. पण ‘डिटेल्स’ या पानावर रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘सीपीयू टाइम’ हा रकाना जोडता येतो. त्यात प्रत्येक प्रोसेसने सुरू झाल्यापासून प्रोसेसरचा एकूण किती वेळ खाल्ला ते दिसतं. आत्ता कितीही साळसूद बसला तरी आधीचं खाल्लेलं पुसता येत नाही. मशीन काही तास तसंच चालू ठेवलं, मग तो रकाना उतरत्या क्रमाने लावला. एरवी सगळ्यात वर ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ असतो. तो म्हणजे प्रोसेसरचा रिकामा वेळ. त्याच्या खाली हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा ब्राउझर यायला हवं. इथे सगळ्यांच्या वर होता ‘कॉनहोस्ट’. नऊ तासांच्या वर. वयनींचं सॉफ्टवेअर खूप खाली, जेमतेम सहा मिनिटांवर.

घड्याळात झालेल्या तासांपेक्षा हे तास जास्त कसे, असं मालकांनी लगेच विचारलं. तीन कोअर एकदम राबले की घड्याळाच्या एका तासात प्रोसेसरचे तीन तास जमा होतात.

कॉनहोस्ट ही विंडोजचीच फाइल आहे, काळ्या रंगाची कमांडची खिडकी चालवणारी. तशी एकही खिडकी उघडी नव्हती. फाइलचा पत्ता तपासला तर सिस्टम ३२ फोल्डरचा, मायक्रोसॉफ्टची सहीही अस्सल. म्हणजे फाइल बनावट नव्हती. खऱ्या फाइलची प्रोसेस सुरू करून तिच्या पोटात दुसराच प्रोग्राम घातला होता. नुसता पत्ता बघून निर्धास्त होणारे इथे फसतात.

तीन कोअरच का, चारही का नाहीत? आत घातलेला प्रोग्राम मोनेरो हे आभासी चलन चोरून कमावणारा होता. हे चलन २०१४ पासून चालू आहे. २०१९च्या अखेरीपासून त्याचं मायनिंग, म्हणजे संगणकाला गणितं करायला लावून ते कमावणं, रँडमएक्स या पद्धतीने होतं, आणि ही पद्धत मुद्दाम अशी बेतली आहे की महागड्या खास यंत्रांपेक्षा घरातला साधा प्रोसेसर तिला बरा पडावा. तिच्या प्रत्येक धाग्याला, म्हणजे थ्रेडला, साधारण २ एमबी कॅश लागते. या प्रोसेसरची कॅश ६ एमबी. सहाला दोनाने भागा, तीन थ्रेड. चारांतले तीन म्हणजे ७५ टक्के. आकडा हलत का नव्हता ते कळलं.

चोराच्या पदरात यातून किती पडत असेल? एवढ्या जुन्या प्रोसेसरची दिवसाची कमाई रुपया-दोन रुपयांच्या घरातली. आणि मालकांचं? जास्तीचे ६० वॉट धरले आणि मशीन दहा तास चाललं असं मानलं, तर दिवसाला ०.६ युनिट वीज. व्यावसायिक दराने तेवढ्या विजेची किंमत त्या कमाईपेक्षा जास्तच होते. मालक हे ऐकून चिडले ते विजेपेक्षा या हिशेबावर. “मगे तो माझ्याकडे येऊन दोन रुपये मागून नेयत, मी दिलंय असतंय.”

आता कॅबिनेट

चोर सापडला तरी त्याला लगेच हात लावला नाही. दोन दुखणी असली की एका वेळी एकच काढायचं आणि मोजायचं, नाहीतर कशाने किती फरक पडला ते कधीच कळत नाही. म्हणून आधी हार्डवेअर.

झाकण काढल्यावर वरून सगळं चकाचक. ब्लोअरने पंख्याची पाती स्वच्छ केलेली होती. पण पंखा हीटसिंकवरून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरून उतरवला तेव्हा खालच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांमध्ये पुठ्ठ्यासारखा तपकिरी थर सापडला. पाकळ्यांच्या फटींत तो असा बसला होता की टोकदार लाकडी काडीने उचलल्यावर तुकडे तुकडे निघाले. पंखा नवा होता, हीटसिंक जुनाच. वरून मारलेल्या हवेने वरची धूळ उडाली आणि खालची आणखी घट्ट बसली.

देशावरच्या धुळीत आणि या थरात फरक आहे. तिथली धूळ कोरडी, फुंकरीने जाते. इथे समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असतं. मिठाचा गुण असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. धुळीतलं मीठ ओलं होतं, पंख्याच्या उष्ण हवेने सुकतं, मशीन बंद झालं की परत ओलं होतं. या ओल-वाळीत काजूची साल, टरफलांच्या तेलाचा धूर आणि धूळ एकत्र चिकटून पक्की होते. ब्लोअर तिथे काही करू शकत नाही. शिवाय ओलं मीठ वीज वाहतं आणि धातू खातं. मदरबोर्डच्या मागच्या कोपऱ्यात दोन-तीन सांध्यांवर हिरवट छटा धरायला लागली होती.

दुसरी गोष्ट बोटाने सापडली. इंटेलच्या त्या काळच्या प्रोसेसरसोबत येणारा कूलर चार प्लास्टिकच्या खिळ्यांनी बोर्डात रुतवलेला असतो. एकेका कोपऱ्यावर बोट ठेवून हलकं दाबलं. तीन कोपरे ठाम, चौथा हलला. खिळा भोकात गेला होता, पण त्याचे पाय पलीकडे फाकले नव्हते. त्यामुळे त्या बाजूने हीटसिंक प्रोसेसरवर टेकतच नव्हता. हीटसिंक काढल्यावर थर्मल पेस्टमध्ये, म्हणजे दोघांमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपात, ते स्पष्ट दिसलं: एका बाजूला दबून पातळ झालेली, दुसऱ्या बाजूला जाड आणि सुकून भेगाळलेली.

हीटसिंक कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून ब्रशने धुतला. एकट्या धातूचा असल्यामुळे चालतं, पंख्याला मात्र पाणी लावायचं नाही. कडक उन्हात पूर्ण वाळू दिला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तेच ब्रशने हिरवट सांध्यांवर फिरवलं. मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट. खिळे समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबले, प्रत्येकाचा ‘टक्’ आवाज ऐकला, आणि बोर्ड उलटा करून चारही खिळ्यांचे पाय फाकलेत हे डोळ्यांनी बघितलं. बोर्ड उलटा करण्याचा कंटाळा बरेच जण करतात.

मग मोजलं. चोर आतच होता, वापर ७५ टक्केच. तापमान ९७वरून ७२वर आलं. पंख्याचा आवाज उतरला, पण थांबला नाही. हार्डवेअरचा वाटा एवढा.

पेनड्राइव्ह

फॉरमॅट करूनही हा आत कसा राहिला? राहिला नव्हता, परत आणला होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सिस्टमइन्फो’ ही आज्ञा दिली की विंडोज कधी बसवली ती तारीख आणि वेळ कळते. प्रोग्रामडेटा या विंडोजच्या फोल्डरमध्ये एक छुपं फोल्डर होतं. त्याची निर्मितीची वेळ त्याच दिवशीची, विंडोज बसवल्यानंतर अर्ध्या तासाच्या आतली. त्या अर्ध्या तासात दुरुस्तीवाल्याने आपल्या पेनड्राइव्हवरून दोन गोष्टी टाकल्या होत्या: विंडोजला अस्सल भासवणारा ॲक्टिव्हेटर आणि फुकटात मिळवलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. दोन्ही टाकताना डिफेंडर आडवा येतो, म्हणून ‘अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा’ ही सूचना पाळायची त्याला सवयच असणार. वयनींनी ते बघितलंही होतं.

दार उघडंच मिळाल्यावर आत शिरलेल्याने तीन कामं केली होती. विंडोज सिक्युरिटीच्या एक्सक्लूजन्सच्या यादीत, म्हणजे डिफेंडरने जिकडे बघायचंच नाही त्या यादीत, अख्खं प्रोग्रामडेटा घातलं होतं. टास्क शेड्यूलरमध्ये एका परिचित ब्राउझरच्या अपडेटचं नाव घेऊन एक काम लावलं होतं, ते दर वेळी लॉगिन झाल्यावर सुरू व्हायचं. आणि होस्ट्स फाइलमध्ये अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट्सचे पत्ते शून्यावर वळवले होते, म्हणजे त्या उघडूच नयेत. हे काढता येतं, मी काढलंही, आणि तापमान ७२वरून ४१वर आलं. पंखा चालू आहे की नाही ते वाकून बघावं लागलं.

तरीही त्याच विंडोजवर पुढचं काम करू दिलं नाही. प्रशासकाचे अधिकार मिळालेल्या पाहुण्याने आणखी काय काय करून ठेवलं असेल ते एक-एक शोधत बसण्यात अर्थ नसतो. बिलांचा डेटा आणि कागदपत्रं तेवढी काढून घेतली, सेटअपची एकही फाइल घेतली नाही. दुसऱ्या स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावरून नवी विंडोज बसवली, लायसन्स विकत घेऊन. म्हणजे शेवटी फॉरमॅटच झाला. बँकेचे, जीएसटी पोर्टलचे आणि ईमेलचे पासवर्ड त्याआधी मालकांच्या फोनवरून बदलून घेतले, कारण असले पाहुणे बरेचदा पासवर्ड चोरणाऱ्याला सोबत घेऊन येतात.

टायपिंगच्या त्या सॉफ्टवेअरची तशी गरजच नव्हती. विंडोज १०मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून आहे आणि २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून फोनेटिकही. सेटिंग्जमध्ये भाषा जोडली की झालं. वयनींची जुनी पत्रं मात्र जुन्या फॉन्टमधली होती, ती युनिकोडमध्ये आणायला वेगळा वेळ गेला.

मशीनच्या वयाबद्दलही मालकांना स्पष्ट सांगितलं. विंडोज १०ची सर्वसाधारण मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५पर्यंतचीच, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचा हा त्यात बसत नाही. हिशेबापुरता तो वापरावा, बँकेचं काम त्यावर करू नये, आणि नव्या मशीनसाठी पैसे बाजूला काढावेत. तोवर कॅबिनेट जमिनीवरून उचलून समोरच्या भिंतीला, टेबलाच्या उंचीवर ठेवलं आणि हवा आत जाते त्या बाजूला मच्छरदाणीची बारीक जाळी लावली. जाळी धुण्याचं काम वयनींनी स्वतःकडे घेतलं.

निघताना विचारलं, त्या माणसाने आणखी कुठल्या मशीनवर विंडोज टाकली आहे का? मालकांच्या मुलीच्या लॅपटॉपवर टाकली होती. त्याच दिवशी, त्याच पेनड्राइव्हने. लॅपटॉप कोअर आय-३ ५००५यू, दोन कोअर, चार थ्रेड, कॅश ३ एमबी. म्हणजे एकाच थ्रेडपुरती जागा, आणि चारांतला एक म्हणजे २५ टक्के. एचडब्ल्यूइन्फो लावलं, २५च्या आसपासच होतं. सीपीयू टाइमच्या रकान्यात तोच कॉनहोस्ट वर. एवढ्या भाराला पंखा फार घुमत नाही, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. मुलीचं म्हणणं एवढंच होतं की बॅटरी पुरत नाही, आणि त्यासाठी नवी बॅटरी मागवूनही झाली होती. पार्सल अजून उघडलं नव्हतं, ते परत पाठवायला सांगितलं.